उशिरा पोचणारं रक्त

दादा चक्कर येऊन पडला असं वहिनीने फोनवर सांगितलं, तेव्हा ठमीचा आधी विश्वासच बसेना. दादा आणि चक्कर! डोंगरातल्या नागमोडी रस्त्यावर मागच्या बाकावरचे लोक पिशव्या तोंडाशी धरून बसलेले असायचे आणि हा गडी पुढे मजेत शीळ घालत बस हाकत असायचा. प्रवासी त्याला कॅप्टन म्हणत. त्याच्या बसमध्ये कोणाचा डोळा लागला, तर उतरायच्या थांब्यावर दादा आरशात बघून हाक मारायचा, "काका, उठा, तुमचं घर आलं!" कोण कुठे उतरतं हे त्याला तोंडपाठ होतं.

"वन्सं, हसण्यावारी नेऊ नका," वहिनी म्हणाली. "डेपोच्या कँटीनमध्ये हे उभ्या उभ्या कोसळले. हातातला कप फुटला. शुद्धीवर आले तर विचारतात, कप कोणी पाडला? आणि मागे एकदा न्हाणीघरातही असंच झालं होतं म्हणे. ते मला आत्ता कळतंय."

"गाडी चालवताना नाही ना झालं?"

"नाही. पण होणारच नाही याची हमी कोण देणार? मागे बसभर माणसं असतात."

पाठीमागून दादाचा आवाज आला. "सकाळपासून पोटात काही नव्हतं, एवढंच! उगाच ठमीला घाबरवू नकोस!"

ठमी म्हणजे त्याची धाकटी बहीण. तिची पंचेचाळिशी उलटली होती, कपाळावर पांढरी बट आली होती, एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरातल्या एमआरआय विभागात भौतिकशास्त्रज्ञ म्हणून तिचा चांगला दबदबा होता; पण घरी ती अजून ठमीच. विभागात तिला निराळं नाव होतं, मापाडीण. ते ठेवलं होतं अप्पांनी. अप्पा तिथले सर्वांत जुने टेक्निशियन. पेशंटला मशीनमध्ये सरकवताना दोन विनोद केल्याशिवाय बटण दाबायचे नाहीत. "डॉक्टर लोक नुसतं चित्र बघतात," ते म्हणायचे, "आमची मापाडीण चित्राचं वजन करते."

तिचं काम तसंच होतं. मेंदूला रक्त किती मिळतं हे मोजायची एक पद्धत त्या मशीनवर होती. सुई नाही, औषध नाही. मानेतून वर चढणाऱ्या रक्तातल्या पाण्यावर रेडिओलहरींनी एक न दिसणारी खूण करायची, ते रक्त मेंदूत पोचेपर्यंत दोनेक सेकंद थांबायचं आणि चित्र काढायचं. मग खूण न करता दुसरं चित्र. एकातून दुसरं वजा केलं की उरतं ते नव्याने आलेलं रक्त. उरतं तेही किती, तर शंभरातला एखादा भाग. तेवढ्या चिमटीतून 'इतक्या मेंदूला मिनिटाला इतकं रक्त' असा आकडा काढायचा, तर काटा चोखच हवा. म्हणून ठमी प्रत्येक पेशंटचं आणखी एक चित्र काढायला लावायची. त्यात वजाबाकी नाही; त्या डोक्यातून मशीनला एकूण केवढा संकेत मिळतो तेवढं ते सांगायचं, आणि त्याच्याशी ताडून पाहिलं की त्या पुसट फरकाला किंमत यायची. शिवाय दर आठवड्याला ती पंपाला जोडलेल्या प्लास्टिकच्या गोळ्यातून पाणी खेळवायची आणि मशीनचा आकडा पंपाच्या आकड्याशी जुळतो का ते बघायची. जुळला नाही, तर त्या दिवशी विभागात कोणाची खैर नसे.

दादाला मेंदूच्या डॉक्टरांनी तपासलं. गुडघ्यावर हातोडी मारून झाली, डोळे मिटून एका रेषेत चालवून झालं. छातीचा आलेख काढला, तो ठीक होता. नाडी जरा मंद लागली. "मेहनती माणसाची अशी असते," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी स्कॅन लिहून दिला. त्या गावात असं मशीन एकच होतं, तेव्हा दादा आला तो ठमीच्याच दारात.

विभागाचा नियम होता की आपल्या माणसाच्या तपासणीत आपण लुडबूड करायची नाही. ठमी काचेमागे हाताची घडी घालून उभी राहिली. आत अप्पा कामाला लागले.

"कॅप्टन, खिशात किल्ल्या, नाणी, काही लोखंडी?"

"बिल्ला आहे. पण पितळी."

"सोन्याचा असला तरी बाहेर ठेवा. इथे गाडी आमची, तुम्ही प्रवासी."

"मग तिकीट कोण देणार?"

"तुमच्या बहिणीने पास काढलाय. आता बोलू नका आणि मान हलवू नका. हलवलीत तर मापाडीण मला खाईल."

अर्ध्या तासाने दादा बाहेर आला तो कान चोळतच. "काय खडखडाट गं! ग्रीस तरी लावा त्या मशीनला," असं म्हणून त्याने बिल्ला शर्टाला लावला आणि ड्यूटीवर निघून गेला. वहिनीने त्या दिवसासाठी त्याला चौकशीच्या खिडकीवर बसायला लावलं होतं, ते त्याने ऐकलं, एवढंच नशीब.

रिपोर्ट लिहिला विभागप्रमुख मॅडमनी. त्या स्वतः रेडिऑलॉजिस्ट, शब्द तोलूनमापून वापरणाऱ्या. त्यांनी लिहिलं होतं, 'संपूर्ण मेंदूत रक्तप्रवाह लक्षणीय कमी.' आकडा पन्नासाच्या आसपास असायला हवा होता, तो तिशीच्याही खाली होता. मेंदूच्या डॉक्टरांनी कागद वाचून मान हलवली. "बारीक रक्तवाहिन्या आखडल्या असाव्यात. चकरांचं कारण सापडलं. गोळ्या सुरू करू. आणि गाडी बंद. अगदी आजपासून."

दादाने हुज्जत घातली नाही, आणि त्यामुळेच वहिनी घाबरली.

पुढच्या रविवारी ठमी जेवायला गेली तेव्हा घर तेच होतं, पण घराची चाल बदलली होती. दादा खिडकीजवळ खुर्ची टाकून बसला होता. वहिनी त्याला उठू देत नव्हती. त्याने चहा करायला पातेलं घेतलं, तर तिने ते हातातून काढून घेतलं. जिना उतरायला निघाला, तर मुलगी मागे धावली. पानावर बसल्यावर त्याला मुलीच्या वर्गशिक्षिकेचं नाव आठवेना. पूर्वीही त्याला ते कधी आठवायचं नाही, सगळे हसायचे. आज कोणी हसलं नाही. वहिनीने ठमीकडे पाहिलं, आणि ते पाहणं दादाने पाहिलं.

हात धुताना तो हळूच म्हणाला, "ठमे, तुझ्या मशीनने सांगितलंय म्हणजे खरंच असणार, नाही का?"

ठमी "हो" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? काटा तिनेच लावलेला होता.

त्या 'हो'ने तिला झोप लागू दिली नाही. दुसऱ्या दिवशी तिने मॅडमना सांगूनच दादाची चित्रं उघडली. आकडा तिने पाहिला होता, चित्रं पाहिली नव्हती. खरं म्हणजे ती अलीकडे कोणाचीच चित्रं पाहत नसे. ताडायचं चित्र व्यवस्थित आलंय ना, पंपाचा आकडा जुळतोय ना, एवढं झालं की तिच्या लेखी हिशोब पूर्ण व्हायचा.

वजाबाकीचं चित्र पडद्यावर आलं आणि तिचा हात माउसवरच थांबला. मेंदूचा सगळा भाग काळवंडलेला होता, पण त्यात मोठ्या रक्तवाहिन्यांच्या वाटेवर गांडुळांसारख्या पांढऱ्याशुभ्र रेघा होत्या. रक्त कमी नव्हतं. ते वाटेत होतं. खूण केलेलं रक्त अजून मोठ्या वाहिन्यांतून चाललं होतं, मेंदूच्या पेशींपर्यंत पोचायचं होतं, आणि मशीन त्याआधीच चित्र काढून मोकळं झालं होतं. लोक अजून रस्त्यात असताना गावाची शिरगणती करावी आणि गाव ओसाड पडलंय म्हणून लिहून टाकावं, तसा प्रकार.

तो दोनेक सेकंदांचा वेळ ठरवला होता ठमीनेच. मशीन नवीन आलं तेव्हा तिने विभागातल्याच लोकांना आळीपाळीने आत झोपवून तो बसवला होता. परिचारिका, धट्टेकट्टे वॉर्डबॉय, ती स्वतः. एक अप्पा तेवढे बंद जागेची भीती वाटते म्हणून सुटले होते. सगळी चालती-फिरती माणसं. त्यांच्या डोक्यात रक्त वेळेवर पोचत होतं. फार वेळ थांबायचीही सोय नव्हती, कारण ती खूण टिकाऊ नसते. पाटीवर ओल्या बोटाने ओढलेल्या रेघेसारखी बघता बघता वाळून जाते. म्हणून ठमीने मधला वेळ निवडला आणि तोच सर्वांना लावला. काटा चोख होता, पण माल उतरायच्या आधीच वजन होत होतं.

ती तडक मॅडमच्या खोलीत गेली. मॅडमनी चित्र बघितलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं.

"तुझं म्हणणं पटतंय," त्या म्हणाल्या. "वेगवेगळा वेळ थांबून बरीच चित्रं काढावी लागतील. मग रक्त कधी पोचलं आणि किती पोचलं, दोन्ही कळेल. पण एक विचारते, राग मानू नकोस. हे तू भावासाठी करतेयस की मशीनसाठी?"

ठमीला खोटं बोलता आलं असतं. "भावासाठी," ती म्हणाली. "भाऊ नसता तर मी चित्र उघडलंही नसतं."

मॅडमनी कागद पुढे ओढला. "मग असं करू. ज्यांना ज्यांना आपण 'रक्त कमी' म्हणून लिहून दिलं, त्या सगळ्यांची जुनी चित्रं उघड. त्यांत अशा रेघा कोणाकोणाच्या आहेत बघ. त्या सगळ्यांना परत बोलवायचं, तुझा भाऊ त्यांतला एक. नावं मी झाकून देईन. आकडा तू काढायचास, पण कोणाचा काढतेयस ते तुला कळणार नाही. कबूल?"

"कबूल."

जुनी चित्रं बघायला बसली तेव्हा ठमीला आपली लाज वाटायला लागली. पहिल्याच चित्रात रेघा. तिसऱ्यात रेघा. मग दोन साफ, मग पुन्हा रेघा. एकेक चित्र म्हणजे एकेक घर होतं; कुठेतरी कोणी खिडकीत बसवलेलं, कोणाच्या हातातून पातेलं काढून घेतलेलं. त्यांच्या बहिणी या तळघरात कामाला नव्हत्या, म्हणून कोणी उकरून पाहिलं नव्हतं. ती उठून बाहेर गेली, व्हरांड्यातल्या माठाचं पाणी प्याली आणि परत येऊन बसली.

अप्पांनी एकेकाला फोन लावला. ते फोनवर विनोद करत नव्हते, हे ठमीच्या लक्षात आलं. काही जण यायला तयार नव्हते. "एकदा सांगून झालंय ना, आता आणखी काय सांगायचं राहिलंय?" असं एकाच्या मुलाने विचारलं. काही जण मात्र लगेच आले.

सर्वांत आधी आल्या त्या एक निवृत्त शिक्षिका. आयुष्यभर भूगोल शिकवलेला, आवाज अजून वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. त्यांच्याबरोबर मुलगा होता, तो त्यांचं कोपर सोडत नव्हता.

"मला पुन्हा का बोलावलंत?" त्यांनी विचारलं.

हे सांगायचं काम मॅडमचं होतं, पण ठमी पुढे झाली. "बाई, तुमचा आकडा चुकलेला असू शकतो. चूक माझी आहे. आम्ही फार लवकर चित्र काढलं असेल. म्हणून पुन्हा, जरा जास्त वेळ लावून काढायचंय."

बाईंनी तिच्यावर अशी नजर रोखली, की ठमीला आपण गृहपाठ विसरून आल्यासारखं वाटलं.

"तुमच्या त्या आकड्यानंतर याने माझी शेगडी काढून नेली," त्या मुलाकडे बोट करून म्हणाल्या. "आग लावून बसेन म्हणून. मला सकाळी उठल्या उठल्या माझ्या हातचा चहा लागतो. आता शेजारीण थर्मास आणून ठेवते. कोमट. आणि खरं सांगू? मीही विसरायला लागले. पूर्वी चष्मा हरवला की चष्मा शोधायची. आता चष्मा हरवला की वाटतं, झालं, संपलं आपलं."

मुलगा खाली बघत होता. "आई, मी तुझ्या काळजीनेच..."

"काळजीनेच रे. तुझ्यावर नाही रागावले मी." मग त्या ठमीकडे वळल्या. "तुमच्यावर रागावले आहे. पण तुम्ही समोर येऊन बोललात, तेव्हा थोडं कमी रागावते. कुठे झोपायचं?"

नवी तपासणी लांब होती. एकदा लवकर चित्र, मग थोडं थांबून, मग आणखी थांबून, मग आणखी. जितकं थांबावं तितकी खूण वाळत जाणार, म्हणून शेवटची चित्रं पुन्हा पुन्हा काढावी लागायची. पेशंटला दगडासारखं पडून राहावं लागे. बाई राहिल्या. "वर्गात पर्यवेक्षण करताना तीन-तीन तास उभी राहिलेय मी, झोपणं काय मोठं?" असं त्या बाहेर आल्यावर म्हणाल्या.

दादाही आला. या वेळी तो अप्पांशी थट्टामस्करी करायच्या मनःस्थितीत नव्हता. टेबलावर झोपताना त्याने नुसतं विचारलं, "ठमी कुठे आहे?" ठमी मुद्दामच वरच्या मजल्यावर जाऊन बसली होती.

आठवडाभराने मॅडमनी नावं झाकलेली चित्रं तिच्यापुढे ठेवली. नावाऐवजी नुसती अक्षरं. ठमी हिशोबाला लागली. रक्त पोचायला लागलेला वेळ वेगळा काढायचा, तेवढ्या वेळात खूण किती वाळली ते जमेला धरायचं, ताडायच्या चित्राशी जुळवायचं आणि मग आकडा. तिने ठरवलं होतं की ओळखायचा प्रयत्न करायचा नाही. पण मन ऐकतं थोडंच! एका मेंदूत मोजणी इतकी सुंदर जुळली, आकडा असा सरळ पन्नासाच्या वर गेला, की तिला मनोमन वाटलं, हा दादाच. तिने पंख्याकडे बघत एक मोठा श्वास सोडला आणि पुढचं अक्षर घेतलं.

मॅडमनी नावं उघडली तेव्हा कळलं, ते दादाचं डोकं नव्हतं, भूगोलाच्या बाईंचं होतं.

"आणि दादा?"

"हा." मॅडमनी शेवटच्या चित्रावर पेन टेकवलं. त्याचाही आकडा ठीक होता, थोडा कमी पण काळजी करण्यासारखा नाही. मात्र त्याच्या डोक्यात रक्त पोचायला सर्वांत जास्त वेळ लागला होता, आणि तो उशीर एका बाजूला किंवा एका कोपऱ्यात नव्हे तर सगळीकडे सारखाच. सगळ्यांचं काही असं भलं निघालं नव्हतं. एका गृहस्थांचा आकडा कितीही थांबलं तरी वर येत नव्हता. त्यांचा पहिला रिपोर्ट खराच होता. ठमीला त्यांचं वाईट वाटलं आणि त्यांचा आकडा तिने पुन्हा एकदा तपासला. तो तेवढाच आला.

मेंदूचे डॉक्टर नवा रिपोर्ट वाचून खुर्चीत मागे रेलले. ते मोकळ्या मनाचे होते. "म्हणजे मी चुकीच्या घरावर छापा टाकला," ते म्हणाले. "मेंदूला रक्त पुरतंय. मग हा माणूस पडतो का? आणि सगळीकडेच रक्त उशिरा का पोचतं?" त्यांनी दादाचं मनगट हातात घेतलं. या वेळी बराच वेळ घेतलं. "तुमची नाडी मंद आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आकडा मिळाला आणि मी तिचा विचार करायचं सोडून दिलं. रक्त ढकलणारं इंजिन बघू या."

दादाच्या छातीवर एक छोटं यंत्र चिकटवून त्याला घरी पाठवलं. ते रात्रंदिवस ठोके नोंदवत राहणार होतं. वहिनी म्हणाली, "आता ते पाण्यात भिजवू नका, उपडे झोपू नका, आणि कोणाशी भांडू नका." दादा म्हणाला, "भांडणाचं डॉक्टरांनी काही सांगितलं नव्हतं." बऱ्याच दिवसांनी त्या घरात कोणीतरी हसलं.

यंत्रातली नोंद वाचायला हृदयाचे डॉक्टर बसले, तेव्हा ठमी दादाशेजारी होती. कागदावर ठोक्यांची शिखरं एकामागून एक चालली होती आणि मध्येच, काही कारण नसताना, नुसती सरळ रेघ. मग पुन्हा ठोका. दुसऱ्या ठिकाणी तशीच रेघ, पण लांब. ठमी ती रेघ बघत राहिली. तेवढ्या वेळात दादा वाकून चपला घालत असेल, किंवा अंगणात उभा असेल. किंवा, दोन महिन्यांपूर्वी, डोंगरातल्या वळणावर.

"हृदयाला ठोका द्यायची आठवण मध्येच राहून जाते," डॉक्टर म्हणाले. "पेसमेकर बसवू. तो त्याला आठवण करून देईल. मोठी भानगड नाही."

दादाने कागदाकडे बोट दाखवलं. "म्हणजे इंजिन बंद पडत होतं, आणि आपण रेडिएटर उघडून बसलो होतो?"

"अगदी तसंच," डॉक्टर हसून म्हणाले.

"आणि रेडिएटर बिघडलाय असं तुझ्या मशीनने सांगितलं," तो ठमीला म्हणाला. तो थट्टेच्या सुरात बोलला होता, पण ठमीने ते थट्टेवर जाऊ दिलं नाही.

"दादा, मशीनने नाही, मी सांगितलं. किती थांबायचं ते मी ठरवलं होतं. मी सगळ्यांना एकच वेळ लावला. त्यामुळे तुझं खरं दुखणं शोधायला उशीर झाला. काही झालं असतं तर..." तिने मनगटाने डोळे पुसले.

दादाने तो कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाला, "रडू नकोस. इथले डॉक्टर बघतायत. माझी गाडी गेली याचा राग आलाय मला, खोटं कशाला बोलू? तो कोणावर तरी काढला असता. पण तुझ्यावर काढला तर घरी जेवायला मिळायचं नाही." आणि त्याने खिशातला चुरगळलेला रुमाल काढून तिच्या मांडीवर टाकला.

पेसमेकर बसवला. तो डाव्या खांद्याखाली कातडीच्या आत, सपाट दगडासारखा हाताला लागायचा. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला तो चाचपून बघायला लावायचा. चक्कर पुन्हा आली नाही. वहिनीने त्याच्या हातात पातेलं परत दिलं. चहा तो पूर्वीइतकाच वाईट करायचा, आणि सगळे तो मुकाट प्यायचे.

पण बस परत मिळाली नाही. प्रवासी गाडीचा नियम कडक होता आणि डेपोच्या साहेबांचे हात बांधलेले. दादाने दोनदा अर्ज केला, दोनदा नकार आला. त्या दिवसांत तो चिडका झाला. सकाळी त्याच्या ठरलेल्या वेळेला उठायचा, दाढी करायचा, गणवेश घालायचा आणि मग आठवल्यासारखा पलंगावर बसून राहायचा. वहिनीने एकदा हे ठमीला सांगितलं आणि पुढे म्हणाली, "मी मात्र रात्री गाढ झोपते हो आता. तुम्हाला सांगते, यांना नाही सांगत."

तळघरातही सगळं सुरळीत नव्हतं. लांब तपासणीने दिवसाचे पेशंट कमी झाले, बाहेरची रांग वाढली. रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी विचारलं, एवढी वर्षं चाललं ते आता का चालत नाही? मॅडम त्यांच्याशी भांडल्या, आणि त्या सहसा भांडत नसल्यामुळे त्यांचं ऐकलं गेलं. साठीच्या पुढच्या किंवा हृदयाची तक्रार असलेल्या प्रत्येकासाठी लांब तपासणी कायम झाली. शिवाय ठमीने स्वतःसाठी एक शिस्त लावून घेतली. आकड्याला हात लावायच्या आधी चित्र बघायचं. नावासकट, वयासकट, सावकाश. अप्पा म्हणाले, "मापाडीणबाई आता फोटोही बघायला लागल्या, लग्नाच्या मध्यस्थासारख्या."

भूगोलाच्या बाईंना त्यांची शेगडी परत मिळाली. मुलगा मात्र अजून रोज फोन करून 'गॅस बंद केलास ना' विचारायचा. त्यांनी अप्पांना कळवलं, की ते तसंच चालू दे, त्या निमित्ताने तो रोज बोलतो तरी.

आणि मग एका रविवारी दादाने ठमीला डेपोत बोलावलं. नव्या चालकांना शिकवायचं काम त्याला दिलं होतं. रस्त्यावर नाही, डेपोच्या मागच्या मोकळ्या पटांगणात. त्या दिवशी शिकाऊ लोकांना सुट्टी होती. पटांगणात एकच जुनी बस उभी होती आणि तिच्या दारात दादा.

"चढ. मागे नाही. इकडे, चालकाच्या जागेवर."

"वेडा झालास का? मला स्कूटरसुद्धा नीट येत नाही."

"म्हणून तर. बैस म्हणतो ना."

ठमी बसली. स्टिअरिंग तिच्या कवेत मावेना. दादा आत शेजारीच इंजिनाच्या झाकणावर हात टेकून उभा राहिला आणि एकदम वेगळाच माणूस झाला. आवाज खाली आला, शब्द मोजके झाले. "क्लच पूर्ण दाब. दाबलास? आता पहिला गिअर. ढकलू नकोस, आपोआप जाईल. हां. आता क्लच सोडायचा, पण हळू... हळू म्हटलं मी!"

बस गदगदून दोन हात पुढे उडाली आणि बंद पडली. कँटीनच्या दारात उभे असलेले तीन-चार चालक टाळ्या वाजवून ओरडले, "कॅप्टन, ही कोण नवी भरती?"

"माझी बहीण आहे!" दादा खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडला. "मोठी शास्त्रज्ञ आहे! हसू नका!" आणि तोच इतका हसायला लागला, की त्याला दांडा धरावा लागला.

"पुन्हा," तो डोळे पुसत म्हणाला. "किल्ली फिरव."

ठमीने ओठ दाताखाली धरला आणि किल्ली फिरवली.